पूर्व-संकेंद्रण चाचणीच्या अहवालाबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

पूर्व-संकेंद्रणाच्या, म्हणजे दळण्याआधीच निरुपयोगी दगड वेगळा काढता येतो का हे पाहण्याच्या, चाचणीवरून आपण आमच्या प्रयोगशाळेबद्दल लिहिलेला अभिप्राय वाचल्यावर मी आपल्या कामाची संपूर्ण नस्ती काढून पुन्हा तपासली. आपले म्हणणे असे की, सहा आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले; धातूच्या प्राप्तीचा (मूळ धातूपैकी किती टक्के हाती राहतो याचा) एक निश्चित आकडा न देता आम्ही ७० ते ९० टक्के असे मोघम उत्तर दिले; अहवालातील ‘केवळ सूचक’ हे शब्द विनंती करूनही काढले नाहीत; आणि शेवटी आणखी नमुना मागून शुल्क वाढवू पाहिले. आपल्या प्रकल्पाचा धातू, ठिकाण आणि मूळ आकडे ही आपली मालमत्ता असल्यामुळे मी येथे आपण स्वतः जाहीर केले आहे तेवढ्यावरच बोलतो.

विलंबाबद्दल प्रथम क्षमा मागतो. मूळ नमुन्याची थेट मोजलेली प्रत (म्हणजे दगडातील धातूची टक्केवारी) आणि वेगळ्या केलेल्या भागांच्या प्रतींवरून उलट गणिताने काढलेली प्रत यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून रासायनिक पृथक्करण पुन्हा करावे लागले. हा मेळ बसल्याशिवाय अहवाल पाठवणे योग्य नव्हते, परंतु काम का थांबले आहे हे आपल्याला त्याच आठवड्यात कळवायला हवे होते. ते आम्ही कळवले नाही, आणि त्याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

आता आकड्याविषयी. दगड बारीक दळणे हे खनिज प्रक्रियेतील सर्वांत जास्त वीज खाणारे काम असते, आणि दळण्याआधीच निरुपयोगी दगड बाजूला काढता आला तर तो खर्च वाचतो. समजा, १०० किलो दगडात १ टक्का, म्हणजे १ किलो धातू आहे, आणि सॉर्टिंग यंत्राने ४० किलो दगड टाकाऊ म्हणून वेगळा केला. त्या टाकाऊ भागात ०.१ टक्का धातू असेल तर आपण ४० ग्रॅम गमावतो आणि उरलेल्या ६० किलोंची प्रत १.६ टक्क्यांवर जाते. मात्र टाकाऊ भागात ०.४ टक्के धातू निघाला तर १६० ग्रॅम जातात, प्राप्ती ९६ वरून ८४ टक्क्यांवर येते आणि प्रत १.४ टक्क्यांवर थांबते. नमुना लहान असेल तर एवढा मोठा फरक धातूने समृद्ध असलेले दोन-तीन मोठे तुकडे या बाजूला पडले की त्या बाजूला, एवढ्यानेच पडू शकतो. आपल्या अहवालातील ७० ते ९० हा पट्टा आमच्या संकोचातून आलेला नाही. आपल्या नमुन्यातील दगडांची संख्याच तेवढी कमी होती.

फ्रेंच अभियंते पिएर जी यांनी मांडलेल्या नमुना-सिद्धांतानुसार, इतर घटक सारखे धरले तर तेवढ्याच अचूकतेसाठी लागणारे नमुन्याचे वजन सर्वांत मोठ्या कणाच्या आकाराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २ मिलिमीटरच्या चुऱ्याऐवजी २० मिलिमीटरचे दगड तपासायचे असतील तर सुमारे हजारपट वजन लागते. भूवैज्ञानिक शोधकार्याच्या सुरुवातीला हातात फक्त अर्धा कापलेला ड्रिल कोअर (जमिनीत छिद्र पाडून काढलेला दगडाचा दंडगोल) असतो, आणि त्याचाही बराच भाग पृथक्करणासाठी चुरलेला असतो. ही अडचण कोणत्याही प्रयोगशाळेला चुकलेली नाही.

आमची खरी चूक मला येथेच दिसते आणि आपल्या अभिप्रायात तिचा उल्लेख नाही. आपण पाठवलेल्या मालापैकी जवळजवळ निम्मा माल आधीच २ मिलिमीटरपर्यंत चुरलेला होता. क्ष-किरणांवर चालणारे सॉर्टिंग यंत्र दगड एकेक करून पाहते आणि साधारण १० मिलिमीटरपेक्षा बारीक माल त्याला परवडत नाही, त्यामुळे तो चुरा या प्रश्नासाठी निरुपयोगी होता. आम्ही त्यावर जड द्रवातील चाचणी केली; तिच्यात जड खनिज बुडते आणि हलका दगड तरंगतो. त्या आकाराला खनिज दगडापासून कितपत सुटे होते हे तिच्यातून कळले, परंतु आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. माल दारात आला त्या दिवशीच आम्ही हे सांगायला हवे होते. म्हणून त्या भागाचे संपूर्ण शुल्क आम्ही परत करत आहोत. यापुढे नमुना निघण्यापूर्वीच त्याचे वजन, तुकड्यांचा आकार आणि तो धातुकाच्या (धातू असलेल्या दगडाच्या) कोणत्या भागातून काढला आहे याची विचारणा केली जाईल.

‘केवळ सूचक’ हे शब्द मात्र मी काढणार नाही. यंत्र-विक्रेत्याच्या चाचणीत याहून चांगला आकडा आला, असे आपण लिहिले आहे. त्या चाचणीत भूवैज्ञानिकाने हाताने निवडलेले चांगले आणि वाईट दगड यंत्राला दाखवले होते, असे आपल्याच पत्रावरून दिसते. यंत्राला त्या दोन प्रकारांतला फरक ओळखता येतो का, हे त्यातून समजते आणि ती चाचणी आवश्यकही असते. परंतु खाणीतून येणाऱ्या मालात बहुसंख्य दगड या दोन टोकांच्या मधले असतात, आणि लाभ-हानी त्यांच्यावरच ठरते. तो आकडा गुंतवणूकदारांपुढे अंतिम म्हणून ठेवला गेला तर पुढील टप्प्यावर सर्वाधिक नुकसान आपलेच होईल.

आणखी दोन गोष्टी अहवालाच्या आतल्या पानांत दडून राहिल्या, त्या पहिल्या पानावर असायला हव्या होत्या. आपला कोअर फक्त धातुकाच्या सीमेच्या आतला आहे. प्रत्यक्ष खाणकामात शेजारचा रिकामा दगडही मिसळून येतो, आणि तो वेगळा काढणे बहुधा सोपे असते. त्यामुळे प्रत्यक्षात टाकता येणारा दगड आमच्या आकड्यापेक्षा जास्तही असू शकेल. याउलट सुरुंगाने फुटलेल्या मालात बारीक भाग प्रयोगशाळेतल्यापेक्षा अधिक निघतो, ठिसूळ सल्फाइड खनिजे त्यातच जमा होतात, आणि हा भाग यंत्राला वळसा घालून थेट दळणाकडे जातो. त्यातला धातू वाचतो, पण वगळता येणाऱ्या दगडाचे एकूण प्रमाण घटते.

आम्ही मागितलेला दुसरा नमुना याच दोन प्रश्नांसाठी आहे: धातुकासोबत शेजारच्या दगडाचा कोअर, न चुरलेला, आणि त्यातला प्रत्येक तुकडा आधी यंत्राखाली पाहून मग स्वतंत्रपणे पृथक्करणाला पाठवायचा. तो आमच्याकडेच द्यावा असा आग्रह नाही. आपण दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेलात तर आतापर्यंतची सर्व मोजमापे, दगडनिहाय, त्यांच्याकडे विनाशुल्क सुपूर्द करू. आपण पाठवलेल्या पेट्यांपैकी तीन पेट्यांतील कोअर अद्याप फोडलेला नाही आणि आपल्या लेखी सूचनेशिवाय तो फोडला जाणार नाही.

आपला,
प्रयोगशाळेचा संचालक