ओटीपीची वाट बघत बसलेली माझी आत्या

आज सकाळी बडोद्याच्या सुरसागर तळ्याला फेरी मारताना ओळखीचे एक गृहस्थ भेटले. कशा आहात, काय, काही नाही. थेट हसत म्हणाले, "काय हो, तुमच्या आत्याने म्हणे व्हिएतनामच्या व्हिसाची डबल फी भरली? एवढी शिकलेली बाई!" आणि पुढे निघूनही गेले. मी तिथेच कठड्याशी उभी राहिले. त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता इथे लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आत्या 73 वर्षांची आहे. 31 वर्षं पोस्टात होती, त्यातली बहुतेक काउंटरवर. दांडिया बाजारातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मनिऑर्डरी ती स्वतः भरून द्यायची. मागची रांग ओरडायची, साहेब बोलायचे, पण ती फॉर्म पुरा करूनच मान वर करायची. तर या बाईला म्हणे अक्कल नाही.

झालं असं. तिच्या भिशीतल्या पाच जणींनी डिसेंबरात व्हिएतनामला जायचं ठरवलं. अहमदाबादहून थेट विमान मिळतं, त्यामुळे हल्ली आपल्या बडोद्यातून पुष्कळ लोक जातात. बाकीच्या चौघींना समुद्र आणि होड्या बघायच्या आहेत. आत्याला तिथल्या 'मी सन' नावाच्या ठिकाणची देवळं बघायची आहेत. तिकडच्या जुन्या चाम राजांनी बांधलेली शिवाची देवळं, तिथले बरेच शिलालेख संस्कृतातले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे डागडुजीचं काम करत होते, तेव्हा 2020 च्या मे महिन्यात त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. त्या लॉकडाऊनमध्ये पेपरात आलेलं ते कात्रण आत्याच्या शिवलीलामृताच्या पोथीत अजून आहे. पाच वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकलेत तिने त्यासाठी.

व्हिएतनामला आपल्याला आधी ई-व्हिसा काढावा लागतो. एकदाच आत जायचं असेल तर 25 डॉलर, पुन्हा पुन्हा जायचं असेल तर 50. पैसे ऑनलाइनच आणि आधीच भरायचे. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचा देश, त्यांची फी. भूतान आपल्या लोकांकडून माणशी, रात्रीमागे 1,200 रुपये घेतं. बालीला 2024 पासून दीड लाख रुपिया भरावे लागतात, आकडा ऐकून छाती दडपते पण आपले साधारण आठशे रुपये होतात. घ्या ना. जंगलं राखा, समुद्र स्वच्छ करा, आम्ही देऊ.

पण फी भरायचं खरं दार कुठलं ते माणसाला कळायला नको?

आत्याने मोबाइलवर व्हिएतनाम व्हिसा असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. वर झेंडा, खाली शिक्का, मधे ऑफिशियल वाटावं असं नाव. पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, आम्ही खाजगी सेवा देतो म्हणून लिहिलेलं. ते मी नंतर चष्मा पुसून वाचलं तेव्हा दिसलं. फी 79 डॉलर. आत्याला वाटलं असेल बाबा, डॉलर महाग झालाय.

तिने तयारीही चोख केली होती, हे मला मुद्दाम सांगायचंय. 2020 पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारांना बंदच असतं, आपण सांगून सुरू करून घ्यावं लागतं. हे तिला माहीत होतं. ती भर उन्हात बँकेत जाऊन ते सुरू करून आली. रात्री झोपाळ्यावर बसून तिने कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले, बटण दाबलं आणि ओटीपीची वाट बघत बसली.

ओटीपी आलाच नाही.

आपल्याकडे ऑनलाइन काही घ्यायचं तर बहुतेक वेळा ओटीपी लागतो. भाजीवाल्या बेनला यूपीआयने पैसे द्यायचे तरी एरवी पिन टाकावा लागतो. बँकेने, सरकारने, टीव्हीवरच्या जाहिरातींनी या पिढीच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली आहे की ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. परदेशी साइटवर ओटीपीशिवायही जातात, हे कुणी सांगितलं तिला? मी सांगितलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या आईवडिलांना सांगितलंय?

अर्धा तास बसली होती ती. मग तिला वाटलं, पैसे गेलेच नाहीत, काहीतरी अडलं. तिने परत सगळं भरलं. सकाळी बँकेचे दोन मेसेज होते, बँकेची वरकड धरून प्रत्येकी सात हजारांवर. 25 डॉलरच्या कामाचे चौदा हजार.

आता त्या सकाळच्या गृहस्थांसारखे लोक म्हणतील, व्हिसा तर आला ना? हो, आला. खरा आला, चार दिवसांत. त्या लोकांनी आत्याची माहिती घेऊन सरकारी साइटवर फॉर्म भरला, 25 डॉलर तिथे भरले आणि उरलेले खिशात घातले. म्हणूनच बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, सर्व्हिस तर मिळाली आहे." सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार घेतली त्यांनी. दुसऱ्यांदा गेलेल्या पैशांसाठी बँकेत अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. मी याला चोरीच म्हणणार. रावपुऱ्यातला एजंट पण पैसे घेतो, पण तो दुकान मांडून बसलाय, इतकी व्हिसाची फी आणि इतके माझे असं तोंडावर सांगतो, पावती देतो, आणि घोळ झाला तर आपण त्याच्या पायरीवर जाऊन बसू शकतो. झेंडा लावून सरकार असल्याचं सोंग तो आणत नाही.

आणि हे एका व्हिएतनामचं नाही. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे पोचण्याआधी भरायचा फॉर्म, फुकट आहे. मलेशियाचं फुकट. थायलंडचं डिजिटल कार्ड 1 मे 2025 पासून सुरू झालं, तेही फुकट. या फुकट फॉर्मचेसुद्धा पैसे घेणाऱ्या साइट आहेत! आपण तरी कुठे मागे आहोत? भारताच्या ई-व्हिसाच्या नावाने खोट्या साइट निघतात, आपल्या दूतावासांना परदेशी लोकांसाठी सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागतात. म्हणजे तिकडच्या एखाद्या आजीबाई काशी बघायला येण्यासाठी अशाच रात्री जागून दुप्पट पैसे भरत असतील.

साइटचा पत्ता बघायचा, शेवटी जीओव्ही आहे का ते बघायचं, असं सगळे शहाणे सांगतात. बरोबर आहे. व्हिएतनामचं जीओव्ही डॉट व्हीएन, सिंगापूरचं जीओव्ही डॉट एसजी. पण थायलंड आणि इंडोनेशियाचं नुसतं जीओ, व्ही नाहीच. मग काय करायचं माणसाने? जगातल्या सरकारांनी सगळ्यांना ऑनलाइन यायला भाग पाडलं आणि दाराला पाटी एकसारखी लावायचेही कष्ट घेतले नाहीत. विमानाचं तिकीट काढताना सगळी माहिती दिलेली असते, त्याच तिकिटावर खऱ्या साइटचा पत्ता छापायला काय हरकत आहे? जिथून इतके लोक जातात त्या शहरांत एक खिडकी ठेवता येत नाही? एक माणूस, एक टेबल, एक पावती पुस्तक.

हो, मान्य आहे, पूर्वी पासपोर्ट मुंबईला नाहीतर दिल्लीला पाठवावा लागायचा आणि तो परत येईपर्यंत जीव टांगणीला. ते कष्ट वाचले.

पण आत्याने तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. ते मला जास्त लागलंय. पैसे गेल्याचं नाही, ती मुकाट राहिली त्याचं. पासबुक भरून आणायला तिने मला दिलं तेव्हा मी त्या दोन ओळी बघितल्या. विचारलं तर म्हणाली, "अगं, तुम्ही म्हणाल म्हातारीला कशाला नसते उद्योग." मग कुठूनतरी भिशीत कळलं, भिशीतून वाड्यात, वाड्यातून सुरसागरला.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तिने मला आधी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा मी म्हटलं, "रविवारी करू गं आत्या." दोन रविवार माझ्या ऑफिसच्या ऑडिटमध्ये गेले, तिसऱ्या रविवारी मी झोपले होते. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. ती रात्री झोपाळ्यावर एकटी ओटीपीची वाट बघत होती तेव्हा मी तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे मोबाइलवर काहीतरी बघत लोळत होते.

मनिऑर्डरवाल्यांना तिने कधी रविवारी या म्हटलं नव्हतं.

सकाळचे ते गृहस्थ ही पोस्ट वाचतील, आपण फेसबुकवर जोडलेले आहोत. काका, तुमच्या घरीही तुमच्याहून मोठं कुणीतरी आहे. त्यांना हसून विचारू नका, शेजारी बसा एवढंच. राग गेलाय आता माझा, बराचसा.

आज संध्याकाळी भिशीतल्या चौघी पासपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या आहेत. सरकारी साइट उघडून दिली आणि मी लॅपटॉपसमोर बसणार तेवढ्यात आत्याने मला उठवलं. स्वतः बसली. पासपोर्टचा नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून टाकतेय, मग समोरचीकडून परत वाचून घेतेय. 25 डॉलर दिसले तेव्हा मला हाक मारून दाखवले. ओटीपी नाही आला तर दहा मिनिटं थांबायचं, बँकेचा मेसेज बघायचा, मगच पुढे, असं तिने चौघींना आधीच बजावलंय. पहिली फी भरून झाली. आकडा वहीत लिहिला.

"चष्मा काढून काढलेला फोटो आणलाय ना?" असं विचारतेय दुसरीला. नाही आणलेला. भिंतीपाशी उभं करून फोटो काढायला मला बोलावतेय, जाते.