रॅम्प आहे हो, घसरगुंडीसारखा!

वेशीवर ‘हगणदारीमुक्त गाव’ अशी पाटी, तिच्या मागेच सार्वजनिक शौचालय. माझी आत्या वॉकर घेऊन चालते. जत्रेच्या दिवशी तिला तिथं नेलं आणि डोकंच फिरलं.

रॅम्प आहे हो! एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हा साधा हिशेब. यांनी चार फुटांत उरकलाय. वॉकर सोडा, शेळीसुद्धा घसरेल. कसंबसं वर पोचलो, तर पुढे उंबरा. दार आत उघडणारं, म्हणजे वॉकर आत नेला की दार लागत नाही. शेवटी मी ओढणी आडवी धरून पाठमोरी उभी राहिले. भिंतीला धरायला दांडी नाही, म्हणून आत्या नळाला धरून उठायला गेली. नळच हातात आला! (पाणी नव्हतंच, तेवढं बरं.)

कमोड वेगळ्या खोलीत आहे म्हणे. बाहेर ‘दिव्यांग’ लिहिलंय, दाराला कुलूप, आत सिमेंटची पोती. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, पण किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

बायकांच्या बाजूला दिवा नाही, आतून कडी नाही, पॅड टाकायला डबा नाही. रात्री जायचं म्हणजे जोडीला कुणीतरी हवंच. तृतीयपंथी माणसानं कुठल्या दारानं जायचं, असं ग्रामसभेत विचारलं तर सगळे खिदळले. काय हसण्यासारखं आहे त्यात?

परवा मात्र नवीन रंग लागला. पाटीला.