'बस' हा शब्द 'बसणे'वरून आलेला नाही

घरच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला तेव्हाही मी गप्प राहिले, कारण या वेळी तो आत्याने पाठवला होता. पण शनिवारी भाची राजापूरहून वस्तीच्या गाडीने आली आणि जेवणं झाल्यावर तिने वही पुढे केली. सत्तावीस फेब्रुवारीच्या भाषणासाठी तिने तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. 'इंग्रजांनी आमचा शब्द पळवला' या वाक्याखाली लाल पेनाची रेघ. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईत लोक गाडीत चढणाऱ्याला 'बस, बस' म्हणत, ते ऐकून इंग्रजांनी शब्द उचलला. 'बस'चं जुनं लांब नाव 'ओम्निबस', ते 'ओम् निवास'चं भ्रष्ट रूप. कोकणातली 'येष्टी' संस्कृत 'यष्टि'वरून आली. आणि शेवटी बसचा एक इंग्रजी फुल फॉर्म.

पहिलं घ्या. मुंबईत मोटारबस धावली १५ जुलै १९२६ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. 'ओम्निबस' हे नाव मात्र त्याच्या शंभर वर्षं आधी, १८२६च्या सुमारास, फ्रान्समधल्या नांत शहरात एका गाडीला मिळालं होतं. स्तानिस्लास बोद्री नावाच्या माणसाची तिथे गरम पाण्याची स्नानगृहं होती. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने शहरातून घोड्यांची गाडी सुरू केली. लोक मधेच उतरायला लागले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की धंदा स्नानगृहात नाही, गाडीत आहे. १८२९मध्ये जॉर्ज शिलिबियरने तशीच तीन घोड्यांची गाडी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी आणली. लांबलचक नाव कोण घेत बसणार? काही वर्षांतच लोक नुसतं 'बस' म्हणू लागले. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोशही 'बस' हे 'ओम्निबस'चं तुटलेलं रूप म्हणूनच देतो. इथे मराठी 'बस, बस' ऐकणारा इंग्रज आणायचा कुठून?

'ओम् निवास'चा मला सगळ्यात जास्त राग आला. लॅटिनमध्ये 'ओम्निस' म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे 'सर्वांना', 'सर्वांसाठी'. यातला 'बुस' हा शब्दच नाही, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. आपण शाळेत घोकलेला 'स, ला, ना, ते' आठवा. कोणी 'सर्वांना' मधलं 'सर्वां' टाकून दिलं आणि उरलेल्या 'ना'ला गाडी म्हणायला लागलं, तर जे होईल तेच इथे झालंय. इतकी सुंदर खरी गोष्ट समोर असताना त्यात ओम् आणि निवास कशाला कोंबायचे? पोरांच्या वहीत असलं काही गेलं की त्यांना विभक्ती कळत नाही आणि ओम्‌ही कळत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. संस्कृतात याच चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय 'भ्यः' आहे: सर्वेभ्यः, कविभ्यः. लॅटिनचा 'बुस' आणि हा 'भ्यः' एकाच जुन्या कुळातले आहेत, असं भाषांचे अभ्यासक मानतात. म्हणजे नातं आहे, पण भावंडांचं. लॅटिनने संस्कृतातून काही उचललेलं नाही आणि इंग्रजांनी आपलं काही पळवलेलं नाही.

बरं, आपल्या 'बसणे'चं काय? त्याचं जुनं रूप 'बैसणे'. ज्ञानेश्वरीत ठायी ठायी 'बैसला', 'बैसोनि' आहे. माझी आजीही कोणी दारात आलं की 'बैस गो' म्हणायची. संस्कृत 'उपविशति'पासून प्राकृतातून झिजत झिजत हे रूप आलं. वाहन त्याच्या जवळपासही नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीत आमच्या स्टँडवर एक वाहक ओरडत होता, "बस झालं आता, मागून दुसरी बस येतेय, तिच्यात बसा!" एका वाक्यात तीन शब्द. पहिला फारसी 'बस', म्हणजे पुरे. दुसरा लॅटिन प्रत्ययाचं शेपूट. तिसरा आपला, 'उपविशति'चा. तिघांचे उच्चार जुळले, एवढंच.

फुल फॉर्मवर वेळ घालवत नाही. ओम्निबसचं तोडलेलं रूप आहे म्हटल्यावर आद्याक्षरांचा प्रश्नच येत नाही.

राहिली येष्टी. यष्टि म्हणजे काठी, तिचा गाडीशी संबंध काय? १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर सरकारी गाडी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र राज्यही नव्हतं, मुंबई प्रांत होता. 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची एस. टी. झाली. 'एक'चा 'येक' करणाऱ्या आपल्या तोंडात तिची येष्टी झाली. हा बदल आपल्या माणसांनी केलाय, त्याला संस्कृतचा दाखला लागत नाही.

भाचीने लाल रेघेचं वाक्य खोडलं आणि विचारलं, "मावशी, मग भाषणात एसटी म्हणू की येष्टी?" फाट्यावर उभी राहून जे म्हणतेस तेच म्हण, असं मी सांगितलं. वहीत तिने 'सर्वेभ्यः' आणि 'ओम्निबुस' शेजारी शेजारी लिहून घेतलंय. आत्याला मी रात्रीच फोन केला.