वीस हजार वेळा वापरायची पिशवी आणि इतर अर्धसत्यं

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जगातलं 71 टक्के प्रदूषण शंभर कंपन्या करतात, कापडी पिशवी 20,000 वेळा वापरली तरच प्लास्टिकच्या पिशवीला पुरी पडते, ओला-सुका कचरा वेगळा केला तरी पुढे सगळं एकाच ढिगात जातं, आणि नर्मदा बारमाही असताना बादलीने अंघोळ करणं हा भाबडेपणा आहे. तेव्हा घरच्या सवयींचं हे नाटक सोडा आणि निवांत जगा. मेसेज चतुर आहे, कारण त्यातले आकडे हवेतून आलेले नाहीत. ते फक्त अर्धेच सांगितलेत.

आधी त्या शंभर कंपन्या. हा आकडा 2017च्या एका अहवालातला आहे. तो सगळ्या प्रदूषणाचा नसून 1988पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे, आणि यादीतल्या कंपन्या कोळसा, तेल नि गॅस काढणाऱ्या आहेत. त्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनातला सुमारे नव्वद टक्के भाग त्यांनी विकलेलं इंधन इतरांनी जाळल्यामुळे होतो. त्या यादीत कोल इंडियाही आहे. तिचा कोळसा वीजकेंद्रात जळतो आणि ती वीज आपल्या मीटरमधून जाते. कंपन्यांना जाब विचारायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण त्यांच्या खात्यावर लिहिलेला धूर आपल्या खात्यातून वजा झाला, असं त्या अहवालात कुठेही म्हटलेलं नाही.

आता पिशवी. 20,000 हा आकडा डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली काढलेल्या अभ्यासातला आहे. तो सेंद्रिय कापसाच्या, नव्या कोऱ्या पिशवीसाठी आहे, आणि ओझोनच्या थरापासून पाण्यापर्यंतचे सगळे निकष एकत्र लावल्यावरचा आहे. फक्त हवामानबदलापुरतं पाहिलं तर तोच अभ्यास साध्या सुती पिशवीसाठी 52 आणि सेंद्रिय पिशवीसाठी 149 वेळा सांगतो. आठवड्यातून दोनदा भाजीला गेलात तर 52 सहा महिन्यांत होतात. शिवाय तुलना केली आहे ती तिकडच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीशी. ती घरी कचऱ्याच्या डब्यात घालतात आणि शेवटी भट्टीत जाळतात. नाल्यात अडकलेली, गायीच्या पोटात गेलेली पिशवी त्या हिशेबात धरलेलीच नाही. आणि आपल्याकडे 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर 31 डिसेंबर 2022पासून बंदी आहे, ते वेगळंच.

खरी गंमत पुढे आहे. त्या अभ्यासातला बहुतेक भार नवा कापूस पिकवून त्याचं कापड करण्याचा आहे. आपल्या घरातली पिशवी कशाची असते? विरलेल्या सुती साडीची किंवा जुन्या चादरीची, बंदांना साडीचाच काठ दुहेरी दुमडून शिवलेला. तिच्यासाठी नव्याने कापूस पिकलेला नाही. हां, प्रत्येक समारंभात वाटतात ती छापील ‘पर्यावरणप्रेमी’ पिशवी, जिची कपाटात चळत लागलेली असते, तिला मात्र डेन्मार्कचा हिशेब अगदी चपखल लागू पडतो.

“सगळं एकाच ढिगात जातं” हे इतर एखाद्या शहराबद्दल म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. इंदूरबद्दल म्हणायला धाडस लागतं. कचऱ्याच्या गाडीला आत कप्पे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक वगैरे. तिथून ट्रान्सफर स्टेशन, म्हणजे कचरा मोठ्या गाड्यांत भरायची जागा, आणि मग देवगुराडियाचं ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे शहराचा कचरा डेपो. जुन्या लोकांना तिथला डोंगर आठवत असेल. सुमारे 13 लाख टन जुना कचरा उपसून तो 2018मध्ये सपाट केला. 19 फेब्रुवारी 2022ला तिथेच रोज 550 टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प, म्हणजे कचऱ्यापासून वाहनांचा गॅस बनवणारा कारखाना, सुरू झाला. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे 17,000 किलो गॅस. त्यावर सिटी बस धावतात.

हे सगळं आपल्या ओट्याखालच्या डब्यावर अवलंबून आहे. त्या प्रकल्पाच्या टाकीत प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू भाजीची देठं, सालं, उरलेली पोळी कुजवून मिथेन करतात. दुधाची रिकामी पिशवी त्यांना पचत नाही. ती चाळणीत आणि पंपात अडकते. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला तर कुणीतरी ती हाताने फोडत बसतं. त्यापेक्षा डब्याच्या तळाशी जुना पेपर घाला, पाणी सुटतं ते तोच शोषतो. आणि हाच मिथेन उघड्या ढिगातून हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. एखाद्या दिवशी गाडीवाल्याने दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे केलेले दिसले, तर महापालिकेच्या 311 अ‍ॅपवर तक्रार करा. त्यासाठी घरात वेगळं करणं सोडायचं कारण नाही.

नर्मदा बारमाही आहे, कबूल. पण ती इंदुरातून वाहत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी सुमारे 70 किलोमीटर आणायचं, आणि तेही विंध्य चढवून. इथे पाण्याची बादली म्हणजे विजेचीही बादली. विजेचं हे बिल इतकं जड आहे की महापालिकेने फेब्रुवारी 2023मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले ते जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवणारी काकू याच बिलातले पैसे वाचवतेय.

एक मुद्दा मात्र मेसेजवाल्यांना द्यावा लागेल. काही सवयी खरोखरच फुटकळ आहेत. रिकामा चार्जर प्लगमधून काढून वर्षभरात जेवढी वीज वाचते, तेवढी दीड टनी एसी एका रात्रीत सहज खातो. धड ब्रश फेकून बांबूचा विकत आणणं हाही निव्वळ हौसेचा भाग. पण एसी एक अंशाने वर ठेवला तर वीज साधारण 6 टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. मे महिन्यात 18 वर एसी लावून वर दुलई पांघरणारी घरं आपल्या कॉलनीतही आहेत, आणि एवढ्या लांब मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही.