डेव्हलपर खूश ठेवायचाय? फुगे आणा

नवीनच मॅनेजर झालात ना? मग टीम खूश ठेवणं आता तुमच्याकडे आलं. घाबरू नका. गेल्याच शुक्रवारी आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात 'हॅपिनेस वीक'ची सांगता झाली, त्यामुळे अनुभव ताजा आहे.

रिलीज, म्हणजे नवा कोड ग्राहकांपर्यंत सोडणं, शुक्रवारी संध्याकाळीच ठेवा. शनिवार-रविवार माणूस घरी बसून करणार तरी काय?

स्क्रम म्हणजे टीमनं काम करायची एक पद्धत. तिच्या गाइडमध्ये डेली स्क्रमला, म्हणजे रोजच्या उभ्या मीटिंगला, १५ मिनिटं दिलीत. तुम्ही ५० घ्या. स्टँडअप म्हटलं म्हणून उभंच राहायला पाहिजे असं नाही, बसून घ्या.

एस्टिमेट मात्र आवर्जून विचारा. ८ दिवस म्हणाला तर 'बघ ना, तिनात बसतंय का' म्हणा. क्लायंटला २ कळवलेले असतातच.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा द्या. त्यावर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), डॉकर, क्रोम, टीम्स, आणि ऐन ११ वाजता अँटिव्हायरसचं स्कॅन. बिल्डला, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनायला, २२ मिनिटं लागली की चहा, टपरी, जगाची चिंता सगळं उरकतं. रॅम मागितली तर तिकीट, म्हणजे ऑनलाइन अर्ज, टाकायला सांगा. मी टाकलं. ते तुमच्या (म्हणजे तुमच्यासारख्याच एकाच्या) अप्रूव्हलला गेलं, तिथून खर्च बघणाऱ्या कॉस्ट सेंटरला, तिथून 'बिझनेस जस्टिफिकेशन द्या' म्हणून परत माझ्याकडे. दिलं. दीड महिना गेला. शेवटी त्या शुक्रवारी दुपारी ४ वाजता मेल आला, अर्ध्या तासात लॅपटॉप घेऊन या. आणि मी कुठे? कॅफेटेरियात, कागदी कपांचा मनोरा रचत! हजेरी सक्तीची होती, एचआर यादी घेऊन दारात उभी. वर आलो तर तिकीट बंद. शेरा, 'युजरकडून प्रतिसाद नाही.' पाठोपाठ दुसरा मेल, आमच्या सेवेवर तुम्ही किती खूश? पाच पिवळे चेहरे, एक निवडा. निवडेपर्यंत लॅपटॉप हँग.

मनोऱ्यात आमचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्ट्रेस बॉल मिळाला.

पिझ्झा मागवा. रात्री १० नंतर थांबणाऱ्यांनाच.

अहो, २००१ साली १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला; स्क्रमसारख्या पद्धतींमागचा विचार तोच. माणसांना लागेल ते द्या आणि ती काम करतील यावर विश्वास ठेवा, हे त्यांच्या तत्त्वांत सरळ लिहिलंय. तुम्ही अ‍ॅजाइलमधून उचललीत काय, तर मीटिंग! दोन तास कुणी पिंग न करता कोड लिहू द्या, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होऊ द्या, वाकडचा पूल तुंबायच्या आत घरी जाऊ द्या. यापलीकडे काय मागतो आम्ही? जिनाभर फुगे लावलेत, तेव्हा फुगेवाल्याकडे जस्टिफिकेशन मागितलंत का? रॅमच्या एका पट्टीलाच कॉस्ट सेंटर आठवतं? लाज वाटू द्या जरा.

तिकीट पुन्हा टाकलंय. सकाळपासून तुमच्याकडेच पडलंय.