परदेशात यजमानपद भूषवू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

समजा, उद्या सकाळी जाग आली तेव्हा आपण अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजे एनएफएलमधील, ३२ संघांपैकी एका संघाचे मालक झालेले आहात (हा फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा सॉकर नव्हे, तर चेंडू हातात धरून धावण्याचा अमेरिकन खेळ). असा प्रसंग फार जणांवर येत नाही, पण तयारी असलेली बरी. आपल्या पदरी ५३ धिप्पाड खेळाडू आहेत, एक प्रशिक्षक आहे (त्याच्याकडे शेवटी येऊ) आणि साठ-सत्तर हजार माणसे बसतील असे एक मैदान आहे, ज्याच्या उभारणीला बहुधा शहरातल्या करदात्यांचाही हातभार लागलेला आहे. २०२१ पासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो. सतरा ही विषम संख्या असल्याने एका वर्षी निम्म्या संघांच्या वाट्याला घरचे नऊ सामने येतात आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या निम्म्यांच्या. हा नववा सामना म्हणजे पंगत उठल्यावर परातीत राहिलेला लाडू होय. तो घरच्यांना वाढण्याचा अविचार करू नये. तो परदेशी धाडावा.

येथे ‘यजमान’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडेही कार्य घरचे आणि कार्यालय भाड्याचे असते, परंतु ते कार्यालय निदान त्याच गावात असते. एनएफएलने ही संकुचित वृत्ती २००५ सालीच टाकून दिली. त्या वर्षी २ ऑक्टोबरला अ‍ॅरिझोनाच्या संघाने आपला घरचा सामना मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर खेळला आणि १,०३,४६७ प्रेक्षकांसमोर सॅन फ्रान्सिस्कोला ३१-१४ असे हरवले. एवढी माणसे अ‍ॅरिझोनातल्या त्यांच्या मैदानात मावलीच नसती. घर सोडल्यावाचून घरचा मान मिळत नाही, हे त्या दिवशी सर्व मालकांच्या एकाच वेळी लक्षात आले असावे, कारण २००७ पासून लंडनची वारी सुरू झाली आणि २०२० चे करोनाचे वर्ष सोडले तर ती चुकलेली नाही.

या वारीतले सर्वांत निष्ठावान वारकरी म्हणजे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स. फ्लोरिडातला हा संघ २०१३ पासून दरवर्षी (पुन्हा २०२० वगळता) आपला घरचा सामना सुमारे सात हजार किलोमीटर दूर असलेल्या लंडनमध्ये खेळतो. त्यांचे मालक शाहिद खान यांनी त्याच वर्षी लंडनमधला फुलहॅम हा सॉकरचा क्लबही विकत घेतला आणि २०१८ मध्ये वेम्बली मैदानच विकत घेण्याची तयारी दाखवून नंतर माघार घेतली. २०२३ मध्ये जॅग्वार्स लागोपाठ दोन आठवडे लंडनमध्ये मुक्काम ठोकून दोन सामने खेळले; असे करणारा तो पहिलाच संघ. इकडे जॅक्सनव्हिलच्या नगर परिषदेने २०२४ मध्ये मैदानाच्या नूतनीकरणासाठी ७७.५ कोटी डॉलर मंजूर केले. आपण मालक या नात्याने यातून एवढेच शिकायचे की, घर दुरुस्त करण्याचा खर्च घरच्यांकडून घ्यावा आणि दिवाळीला बाहेरगावी जावे.

हंगामाची तिकिटे काढून बसलेल्या चाहत्यांना पत्र लिहिताना भाषेची विशेष काळजी घ्यावी. ‘आम्ही आपला एक सामना काढून घेत आहोत’ असे कधीही लिहू नये. ‘आपला संघ जगाच्या व्यासपीठावर पोहोचत असून या ऐतिहासिक प्रवासात आपण आमचे सोबती आहात’ असे लिहावे आणि खाली लंडनच्या तिकिटाचा, हॉटेलचा व विमानप्रवासाचा एकत्रित दर छापावा. तीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून, बर्फात आणि उन्हात, त्याच शेजाऱ्याशी त्याच पंचाला शिव्या देणारा माणूस या पत्राने गहिवरून जाईल. न गहिवरल्यास त्याला जागतिक दृष्टी नाही असे समजावे.

ग्रीन बे पॅकर्सच्या वाटेने मात्र जाऊ नये. एक लाखाच्या आसपास वस्तीच्या त्या गावात संघाचा कोणी एक मालक नाही. सामान्य भागधारकच मालक आहेत. परिणामी घरचा सामना म्हणजे गावातल्या खानावळींचा, लॉजवाल्यांचा आणि अंगणात गाड्या लावू देणाऱ्या घरमालकांचा धंदा, असा क्षुद्र विचार तिथे चालतो. त्यामुळे लंडनला जाणाऱ्या ३२ संघांत पॅकर्सचा नंबर अगदी शेवटचा, २०२२ साली, लागला, आणि तेव्हा कुठे ते आपला घरचा सामना घेऊन गेले. मालक नसला की असे होते.

आता जागेची निवड. २८ ऑक्टोबर २००७ रोजी वेम्बलीवर न्यूयॉर्क जायंट्सने ‘यजमान’ मायामीला १३-१० असे हरवले. पाऊस होता, आणि शंभर-सव्वाशे किलोंच्या गड्यांनी त्या नव्या कोऱ्या मैदानाची अशी मशागत केली की भातलावणीच करायची बाकी राहिली. चोवीस दिवसांनी त्याच मैदानावर इंग्लंडचा सॉकर संघ क्रोएशियाकडून ३-२ असा हरला, युरो २००८ या स्पर्धेला मुकला आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. त्या पराभवाला इतर पुष्कळ कारणे होती हे खरे, पण मैदानाबद्दल कुरकुर झालीच. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याची गादी उसवून येण्याचा हा प्रकार थोडा संकोचाचा असल्याने टॉटनहॅम या लंडनच्या सॉकर क्लबने पुढे शहाणपणा केला: त्यांच्या २०१९ च्या नव्या मैदानात हिरवळीचे तीन तुकडे गॅलरीखाली सरकतात आणि खालून अमेरिकन खेळासाठीचे कृत्रिम मैदान उघडे पडते. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळी सतरंजी, आणि घरच्या गालिच्याला हात लावायचा नाही.

मैदान अगदीच खराब निघाले तर काय अनर्थ होतो, हे २०१८ मध्ये दिसले. लॉस एंजेलिस रॅम्सचा घरचा सामना मेक्सिको सिटीत व्हायचा होता. अझ्टेकावरची हिरवळ खेळण्यालायक नाही असे ठरल्याने सहा दिवस आधी तो उचलून परत लॉस एंजेलिसला आणावा लागला. घरचा सामना घरी झाला! रॅम्सने कॅन्सस सिटीला ५४-५१ असे हरवले. दोन्ही संघांनी पन्नासच्या वर गुण करण्याची एनएफएलच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. असे अपघात वारंवार झाले तर लोकांना भलत्या सवयी लागतील, म्हणून हिरवळीची पाहणी वेळेत करून घ्यावी.

स्थानिक संस्कृतीचा अभ्यास तर हवाच. २०२४ मध्ये लीग प्रथमच ब्राझीलला गेली. साओ पावलोतले जे मैदान घेतले, ते कोरिंथियन्स क्लबचे. या क्लबच्या मंडळींना हिरवा रंग डोळ्यांसमोर चालत नाही, कारण तो त्यांच्या हाडवैऱ्याचा, पाल्मेइरासचा, रंग. अशा ठिकाणी खेळायला कोणते दोन संघ पाठवावेत? ३२ संघांतून फिलाडेल्फिया ईगल्स आणि ग्रीन बे पॅकर्स निवडले गेले, आणि दोघांचाही रंग हिरवा. तिथल्या गवतावर खेळाडू पदोपदी घसरत होते ते वेगळेच. आपण यजमानांना यापेक्षा अधिक आपुलकी दाखवू शकत नाही.

वेळेचे गणित हा या विषयाचा गाभा आहे, आणि येथे घाई करून चालणार नाही. लंडनमध्ये दुपारी अडीचला सामना ठेवला की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात. अमेरिकेत रविवारी दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत फुटबॉल चालूच असतो. रिकामी राहिली होती ती सकाळ, जी लोक चर्चमध्ये, बागेत किंवा अंथरुणात वाया घालवीत. २०१४ पासून ती प्रक्षेपणासाठी मोकळी झाली. त्या पहिल्या सकाळी ‘यजमान’ अटलांटाने २१-० अशी आघाडी घेऊन सामना २२-२१ असा घालवला, तेही डेट्रॉइटची शेवटची किक हुकल्यावर, खेळ सुरू करायला उशीर केला म्हणून डेट्रॉइटलाच दंड होऊन तीच किक पाच यार्ड मागून पुन्हा मारायला मिळाल्यामुळे. हे सर्व चाहत्यांना सकाळी न्याहारीच्या वेळी पाहायला मिळते, ही सोय केवढी!

आम्हा पुण्यात राहणाऱ्यांना मात्र ही खरोखरच पर्वणी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एरवी रात्री साडेदहाला सुरू होणारा खेळ लंडनमुळे संध्याकाळी सातला, म्हणजे वरणभाताच्या आधी, सुरू होतो. माझा भाचा लॉस एंजेलिसजवळ राहतो आणि रॅम्सच्या नादी लागलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॅम्स वेम्बलीवर जॅग्वार्सशी खेळले तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. व्हिडिओ कॉलवर तो दिसला तो अंगावर रजई, त्यावर निळी-पिवळी जर्सी, एका हातात आल्याचा चहा आणि आवाज एकदम खालच्या पट्टीत, कारण घरातली सर्व मंडळी झोपलेली. टचडाउन झाला की तो तोंडावर उशी दाबून ओरडे. रॅम्स ३५-७ असे जिंकले. ‘मामा, मॅच कुणाच्या घरी होती?’ असे त्याने मध्येच विचारले. मी ‘जॅक्सनव्हिलच्या’ म्हणालो, तेव्हा तो उशीत तोंड घालून बराच वेळ हसत राहिला.

घराचा हा मोह पूर्णपणे सोडायचा असेल तर आदर्श परदेशात शोधण्याची गरज नाही. भारतातल्या एलिट फुटबॉल लीगचा पहिला मोसम २०१२ मध्ये कोलंबोत खेळवला गेला आणि त्यात पुणे मराठाज विजेते ठरले. पुण्याचा संघ, पुण्यात एकही सामना न खेळता, अमेरिकन खेळात, श्रीलंकेत अजिंक्य! मी त्या वेळी पुण्यातच होतो, आणि विजयाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने गेली असेल तर माझ्या नजरेतून सुटली. एनएफएलला या उंचीवर पोहोचायला अवकाश आहे. २०२५ मध्ये त्यांचे बाहेरचे सामने फक्त सात झाले: साओ पावलो, डब्लिन, बर्लिन, माद्रिद आणि तीन लंडनमध्ये. तरी आयुक्त रॉजर गुडेल यांनी वर्षाला सोळा सामन्यांचे लक्ष्य बोलून दाखवले आहे, आणि मेलबर्नचे तर ठरलेच आहे.

सामानाच्या बाबतीत न्यूयॉर्क जेट्सचा २०१५ चा धडा गिरवावा. लंडनच्या एका सामन्यासाठी त्यांनी हजारो वस्तूंची यादी केली, बरेचसे सामान आधीच बोटीने धाडले, आणि त्यात टॉयलेट पेपरची ३५० भेंडोळी होती, कारण इंग्लंडमधला कागद पातळ असतो असे त्यांच्या कानावर आले होते. हसू नका. आपले लोक केसरी टूर्सबरोबर युरोपला निघतात तेव्हा बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी असते, ती याच दूरदृष्टीने. शिवाय जेट्सनी तो सामना २७-१४ असा जिंकला, तेव्हा कागदाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी हरलेला ‘यजमान’ होता मायामी, आणि येथे आपण प्रशिक्षकापाशी येतो. आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, जो फिलबिन यांच्या मायामीने वेम्बलीवर ओकलंड रेडर्सला ३८-१४ असे धुतले होते; रेडर्स परतताच त्यांच्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला. वर्षभराने फिलबिन त्याच वेम्बलीवर जेट्सशी हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनाही नारळ मिळाला. नऊ वर्षांनी जेट्सचीच पाळी आली: ऑक्टोबर २०२४ मध्ये रॉबर्ट साला रविवारी लंडनमध्ये मिनेसोटाकडून २३-१७ असे हरले आणि मंगळवारी बेकार झाले. तेव्हा संघाची तिकिटे काढताना खर्च वाचवण्यासाठी प्रशिक्षकाचे तिकीट एकेरी काढण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. त्याला परत आणावे आणि नारळ आपल्याच शहरात, आपल्याच मैदानाशेजारच्या कचेरीत द्यावा. हंगामाची तिकिटे काढून बसलेल्या माणसांना तेवढा एक कार्यक्रम तरी घरी व्हायला हवा.