फाल्यां म्हणजे नक्की किती तारीख?

काल विजेचं बिल पुन्हा दाराच्या कडीत खोचून ठेवलेलं होतं. म्हापशातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही चौघे राहतो. माझ्याआधी तिघे घरात आलेले होते, तिघांनीही कडी उघडली असणार, आणि तो कागद जिथल्या तिथे. पणजीहून शटलमध्ये उभ्याने येऊन, छत्री निथळत मी जिना चढलो तेव्हा तो मला दिसला. तो फक्त मलाच दिसतो. बिल भरायचं म्हटलं की या घरात बाकी तिघांना मोतीबिंदू होतो.

ग्रुपवर फोटो टाकला. तीन अंगठे आले. आमच्या बांद्याकडे असा अंगठा दाखवला तर त्याला ठेंगा म्हणतात, आणि इथेही अर्थ तोच निघतो, हे मला दीड वर्षानंतर कळलं. पैसे कोणाचेच नाहीत. पेडण्याचा आहे तो ‘फाल्यां दितां रे’ म्हणतो. फाल्यां म्हणजे उद्या हे मला ठाऊक आहे, माझी आजी पण तसंच बोलायची. पण याचं फाल्यां कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही. कोल्हापूरकर ‘भावा, संध्याकाळी टाकतो’ म्हणतो. कुठल्या संध्याकाळी ते तो सांगत नाही. बेळगावकर तर उत्तरच देत नाही, दुसऱ्या दिवशी भेटला की ‘सांगायचं की मग परत’ म्हणून उलट माझ्यावरच चिडतो. म्हणजे मी पैसे पण भरायचे, परत परत आठवण पण करायची, आणि वर चेहरा असा ठेवायचा की जणू मीच उसने मागायला आलोय.

आता मूळ दुखणं. कोल्हापूरकर मोपाच्या विमानतळावर कामाला, रात्रपाळी. सकाळी नऊला येऊन झोपतो ते संध्याकाळी पाचला उठतो, आणि हे आठ तास त्याच्या खोलीतला दीड टनाचा एसी चालू. झोपू दे, माझी काही हरकत नाही, रात्रभर जागलेल्या माणसाला गोव्याच्या मे महिन्यात दिवसा झोप लागत नाही हे मलाही कळतं. पण हिशोब बघा. तासाला सव्वा युनिट धरलं तरी दिवसाचे दहा, आणि महिन्यात पंचवीस दिवस धरले तर अडीचशे युनिट. मे महिन्याचं आमचं बिल 462 युनिटचं होतं. म्हणजे फ्रिज, चार पंखे, गिझर, वॉशिंग मशीन, वायफाय, मिक्सर आणि चार माणसांचे चार्जर मिळून दोनशेच्या थोडं वर, आणि एकटा एसी त्याहून जास्त. बिल मात्र भागिले चार.

आणि गंमत पुढेच आहे. गोव्यात घरगुती विजेचे टप्पे आहेत, दर शंभर युनिटला दर चढतो, चारशेच्या वर गेलात की सगळ्यात महाग. एसी नसता तर आम्ही तिसऱ्या टप्प्यात जेमतेम पाय ठेवला असता. एसीमुळे थेट शेवटच्या टप्प्यात. म्हणजे महागातली युनिटं कोणाची? हे मी एकदा कागदावर मांडून, रेघा मारून दाखवलं. त्यावर साहेब म्हणतात, ‘मी त्या खोलीचं भाडं पाचशे रुपये जास्त देतो ना, त्यात आलं ते.’ अरे बाबा, ते पाचशे मालकिणीला जातात! वीज खात्याला ती फोन करून सांगते का, की याचे जरा वळते करून घ्या? मग म्हणे, ‘तसं पण गोव्यात लाईट स्वस्त आहे, आमच्याकडचं बिल बघ एकदा.’ स्वस्त आहे ना? मग भर की सगळं!

मी म्हटलं, एसीच्या प्लगला लावायचा छोटा मीटर मिळतो, मी माझ्या पैशाने आणतो, जेवढा आकडा येईल तेवढं त्याने द्यायचं, बाकीचं चौघांत. तर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बांगड्याच्या कालवणात साखर घातली. ‘आपण मित्र की दुकानदार?’ हा प्रश्न बेळगावकराने विचारला, जो हॉटेलातून रात्री बाराला येऊन अर्धा तास गरम पाण्याने आंघोळ करतो आणि गिझर तसाच चालू ठेवून झोपतो. वर म्हणतो, तो आपोआप बंद होतो. होतो रे, आणि पाणी जरा निवलं की आपोआप चालूही होतो, रात्रभर.

पेडणेकराचं वेगळंच. तो दर शनिवारी घरी जातो, म्हणून त्याला महिन्याचे आठ दिवस वजा पाहिजेत. ठीक आहे, द्यावेत. पण येताना आईने दिलेले तीन डबे आणि अर्धा किलो सुंगटं, म्हणजे कोळंबी, तो ज्या फ्रिजमध्ये कोंबतो, तो फ्रिज शनिवार-रविवार सुट्टी घेतो का? (सुंगटं तो सगळ्यांना वाढतो, हे खरं. म्हणूनच मी त्याच्यावर जास्त ओरडत नाही. माझाच कमकुवतपणा.) आणि मागच्या चतुर्थीला मी पाच दिवस गावी होतो तेव्हा माझे किती दिवस वजा झाले? शून्य. कारण वजाबाकी करणारा मीच, आणि स्वतःचं वजा करताना मलाच लाज वाटली. बघा, मी हा असला माणूस!

दीड-दोन हजारांचं बिल असतं हो, माझ्या वाट्याचे दोन-अडीचशे जास्त गेले म्हणून मी काही भिकेला लागणार नाही. पण त्या दोनशे रुपयांसाठी महिन्यातून आठ वेळा तोंड वेंगाडायचं, ‘अरे ते जरा बघ ना’ म्हणायचं, आणि त्याच संध्याकाळी त्यांतल्याच एकाने हणजुण्याच्या किनाऱ्यावर बसून बिअरचा फोटो टाकलेला बघायचा! तिथे बरे पैसे लगेच जातात, स्कॅन केलं की टिंग.

आता सगळ्यांवर कडी ऐका. जुलै चालू आहे, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, सगळ्या घराला कुबट वास. एसीचा बाहेरचा डबा बाल्कनीत आहे, त्यातून गरम हवा येते, म्हणून मी परवा माझे दोन शर्ट त्याच्यासमोर दोरीवर टाकले. कोल्हापूरकर पाचला उठला, डोळे चोळत बाल्कनीत आला, शर्टांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हे बघ भावा, एसी तू पण वापरतोसच की.’